बॉनेटवरचा शेवटचा हात

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

पोचलो. हे पत्र म्हणजे त्याचा पुरावा समज. फोन केला की तू रडतेस आणि आप्पा नुसतं बरं म्हणून ठेवून देतात, त्यापेक्षा कागद बरा. अक्षराला हसू नकोस. सातवीत जिथे सोडलं तिथेच ते उभं आहे, पुढे हातात पेन कमी आणि पॉलिश पेपर जास्त आला.

काम लागलं. लोखंडी फाटकं, जिने, खिडक्यांचे गज बनवायची मोठी शेड आहे. माझ्याकडे घासकाम. गंज काढायचा, लोखंड चकचकीत करायचं आणि पुढे ढकलायचं. राहायला एका खोलीत चौघं. माझी खाट दाराशी, त्यामुळे येणारा-जाणारा माझ्या पायाला अडखळतो आणि वर मलाच शिव्या घालतो.

आप्पा अजून फुगलेत का? निघताना मी बोललो ते जरा जास्तच झालं, मान्य. पण तूच सांग, मिसरूड फुटायच्या आधीपासून मी त्यांच्या दुकानात गाड्यांचे डेंट काढले, पुट्टी भरली, घासून घासून बोटांचे ठसे घालवले. आणि रंगाचा शेवटचा हात द्यायची वेळ आली की रंग फवारायची गन माझ्या हातातून काढून घ्यायची. वर गिऱ्हाइकासमोर सांगायचं, याचे पायच एका जागी ठरत नाहीत, हात कसा ठरणार! मग मीही म्हणालो की तुमच्या रंगापेक्षा तुमचा हट्टच जाड आहे. म्हणालो आणि पिशवी उचलली. बसमध्ये बसल्यावर वाटलं की ते वाक्य गिळता आलं असतं.

सोबत एक पार्सल आहे, ते आप्पांना दे. तारेचा ब्रश आहे, पोलादी तारेचा, इथला. आपल्या दुकानातल्या ब्रशाला तार कमी आणि टक्कल जास्त झालंय. मी दिला असं सांग किंवा सांगू नकोस, तुला कळतं.

माझ्यावरचा राग थोडा कमी कर, बाकी आहे तसंच राहू दे.

तुझा,
भिंगरी

ता. २० मे

चि. भिंगरीस,
ताईचे अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, कारण शिवायला आलेले शाळेचे गणवेश. घरभर निळ्या कापडाचे ढीग आहेत आणि आप्पा त्यातून पाय उचलत उचलत चहा प्यायला येतात.

ब्रश तेव्हाच मिळाला. आप्पांनी उलटासुलटा केला, मूठ दाबून बघितली आणि दुकानाच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगला. तू लगेच चढून बसू नकोस, पण त्यानंतर दुकानात येईल त्याला ते काही ना काही निमित्त काढून त्या भिंतीपाशी नेतात. शेजारच्या टायरवाल्याला तर दोनदा नेलं. धाकट्यानं पाठवलाय, तिकडचा आहे, एवढंच सांगतात. वापरत मात्र नाहीत. राग कुठे गेला ते मला विचारू नकोस, झाडताना मला तरी सापडला नाही.

आता कामाचं. आपले दातांचे डॉक्टर आठवतात ना, दाढ काढताना ज्यांच्या बोटाला तू चावला होतास? त्यांनी बाहेरच्या देशातून आलेली एक जुनी पण ऐटबाज गाडी घेतली. तिच्या बॉनेटच्या पुढच्या कडेला रंगाखाली फोड आले होते. आप्पांनी खरवडून, पुट्टी भरून, रंगवून दिलं. आरसा बघायची गरज नाही असं काम. महिना गेला आणि फोड परत त्याच जागी. पुन्हा केलं, पुन्हा आले. आप्पा म्हणतात की लाल गंज कुठे दिसतच नाही, खरवडलं की पांढरी भुकटी पडते, आत जुनी पुट्टी मेलेली असणार. डॉक्टर हसत म्हणाले, आमच्याकडेही आत कीड ठेवून दात भरला की असंच होतं. ते चेष्टेनं बोलले. आप्पा त्या दिवशी ताट पुढे सारून उठले.

ते तुला विचारणार नाहीत, म्हणून मी विचारते. तिकडे असलं काही बघितलंस का? वेळ काढून, नीट वाचून लिही.

खोलीतल्या तिघांना सांग की ज्या पायांना अडखळता, त्या पायांचा माणूस आमचा आहे.

तुझी,
ताई

ता. २ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय, पाळी बदलायला आली. त्यात काय एवढं! मुळापर्यंत गेलेच नसतील. वय झालं की माणूस वरवर घासतो. इथे आम्ही सबंध दिवस हेच करतो. आप्पांना सांग, ब्रश खिळ्याला टांगायला पाठवलेला नाही. तो घ्यायचा आणि पत्रा आरशासारखा होईपर्यंत घासायचा. नुसती कड नाही, सगळं बॉनेट. दयामाया दाखवायची नाही. चकचकीत झालं की प्रायमर, वर रंग. मग फोड आले तर माझं नाव बदला, तसंही मला खऱ्या नावानं हाक मारतं कोण?

इथल्या मुकादमाशी माझं जमत नाही. तो मला बस म्हणाला की मला उठावंसं वाटतं. बघू किती दिवस टिकतो.

तुझ्या निळ्या ढिगाऱ्याला नमस्कार, आणि तुझी माया मला पोस्टानं पोचते आहे.

भिंगरी

ता. २८ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं होतं. वयाचं ते वाक्य गाळलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि पुन्हा एकदा वाच म्हणाले. मग गेले आणि खिळ्यावरचा ब्रश काढला. मी हे जन्मात पहिल्यांदा बघत होते, आप्पा कुणाचं तरी ऐकून काम करत होते, आणि तेही तुझं.

सगळं बॉनेट घासलं त्यांनी. कडेपासून काचेपर्यंत. मधेच मला बोलावून दाखवलं, बघ म्हणाले, चेहरा दिसतो. खांदा सुजला, मी शेकायला बसले तर हसत होते. डॉक्टरांच्या हातात किल्ली देताना म्हणाले की धाकट्यानं सांगितलेल्या रीतीनं केलंय, आता काळजी नको.

तुला वाईट वाटेल, पण लिहिते. हवा दमट झाली आणि फोड आले. आधी फक्त कडेला होते, आता सगळ्या बॉनेटवर. अंगभर कांजिण्या आल्यासारखे. डॉक्टर आले, बघितलं आणि गाडी घेऊन गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दुसरीकडे जाऊन नवं बॉनेट बसवून घेतलं. आप्पा स्वतः जाऊन जुनं मागून आले. ते आता आपल्या मागच्या अंगणात न्हाणीच्या भिंतीला टेकवून ठेवलंय. मी कपडे वाळत घालायला गेले की ते माझ्याकडे बघतं.

तेव्हापासून आप्पांनी मोठं काम हातात घेतलेलं नाही. गाडी आली तर आज नको म्हणतात. तुला दोष देत नाहीत, ब्रशलाही नाही. म्हणतात, पोराची रीत बरोबरच असणार, माझ्याच हातात आता काही उरलेलं नाही. टायरवाल्याला त्याचं दुकान वाढवायचंय, तो आपली जागा मागतोय. ऑक्टोबर संपेपर्यंत सांगतो म्हणालेत. मी काय शिवून हे उसवणं थांबवू ते मला कळत नाही.

तू काहीतरी लिही. तुझं ऐकतात ते.

डोळे पुसून सही करते,
ताई

ता. ३० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जुन्या खोलीवर पडून होतं. मी शेड सोडली, आता गाड्यांच्या बॉडीच्या कारखान्यात आहे. खोलीतला एक जण भेटला, त्याच्या खिशातून ते मिळालं. मी रस्त्यातच वाचलं आणि कठड्यावर बसून राहिलो. मला बसता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

ताई, ते बॉनेट लोखंडाचं नव्हतंच. ॲल्युमिनियमचं होतं.

इथे पहिल्याच आठवड्यात माझ्यापुढे एक बॉनेट आलं. अगदी तेच, कडेला फोड. मी शहाण्यासारखा तारेचा ब्रश काढला आणि लावणार तेवढ्यात सुपरवायझर बाई पलीकडून अशा ओरडल्या की सगळी मशीनं थांबली. ब्रश काढून घेतला. मग खिशातलं लोहचुंबक बॉनेटला लावून दाखवलं. ते चिकटलंच नाही, घसरून खाली पडलं. इथे ॲल्युमिनियमची खोलीच वेगळी आहे. लोखंडाला लागलेला पेपर, फडकं, ब्रश, काही म्हणजे काही त्या खोलीत न्यायचं नाही. कारण ॲल्युमिनियम मऊ असतं. पोलादी तारेनं घासलं की लोखंडाचा कण कण त्यात रुततो. डोळ्याला दिसत नाही, उलट चकाकी येते. वर रंग दिला, थोडं दमट झालं की त्या प्रत्येक कणाभोवती ते आतून खायला लागतं आणि रंग फुगतो. लाल गंज येत नाही, पांढरी भुकटी होते.

पांढरी भुकटी. तू ती मे महिन्यातच लिहिली होतीस. नीट वाच म्हणूनही लिहिलं होतंस. मी ते पत्र उभ्या उभ्या वाचलं होतं.

म्हणजे आप्पांनी जेवढं जीव तोडून घासलं तेवढं ते बिघडलं. हलक्या हातानं घासलं असतं तर निदान कडेपुरतं राहिलं असतं. त्यांच्या हाताला काही झालेलं नाही. माझ्या ब्रशानं झालं आणि माझ्या तोंडानं झालं.

हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको, मीच त्यांना लिहितो. एक-दोन दिवसांत लिहितो. तोवर तू गप्प राहा, माझी शपथ आहे तुला.

मला चांगलं म्हणण्यासारखं तुला काही आठवलं तर आठव.

भिंगरी

ता. ५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच, ते काही मला थांबवता येत नाहीत.

तुझं पत्र मी मशीनच्या खणात बॉबिनांखाली ठेवलं आणि रोज पोस्टमनची वाट बघितली. रोज आप्पा समोर बसून चहा पीत होते, रोज माझ्या ओठांवर येत होतं आणि रोज तुझी शपथ आठवत होती. एक-दोन दिवस म्हणालास. तुझे दिवस किती लांब असतात रे?

टायरवाल्याला परवा किल्ली दिली. आप्पांनी आदल्या दिवशी दुकान धुऊन काढलं. गन आणि कॉम्प्रेसर पलीकडच्या गॅरेजवाल्यानं नेला. हत्यारांतलं त्यांनी घरी फक्त एक आणलं, तुझा ब्रश. मला म्हणाले, पोराला सांगू नकोस दुकान गेल्याचं, त्याला वाटेल त्याच्यामुळे गेलं. इथे बाप मला गप्प बसवतो, तिथे भाऊ शपथ घालतो, आणि मी मधे दोन्हीकडून टाचलेली.

तू वाचू दिलं असतंस तर दुकान राहिलं असतं का, ते मला माहीत नाही. पण निदान त्यांनी आपला हात वाईट नाही हे माहीत असताना ठरवलं असतं. मीही चुकले. तुझ्या शपथेपेक्षा त्यांचा चेहरा मोठा होता आणि मी शपथ धरून बसले.

आता कारणं नकोत. त्यांना लिही. नुसता कागद आला तरी चालेल, पण त्यांच्या नावानं येऊ दे.

ताई

ता. १६ नोव्हेंबर

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी बऱ्याच वेळा लिहायला घेतलं. पहिलं वाक्य झालं की मला काहीतरी काम आठवायचं आणि मी उठायचो. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. आज खाटेवर पाय वर घेऊन बसलोय, म्हणजे पळता येणार नाही.

आप्पा, डॉक्टरांचं बॉनेट तुमच्या हातानं बिघडलं नाही. ते ॲल्युमिनियमचं आहे. न्हाणीशी ठेवलंय ना, त्याला लोहचुंबक लावून बघा, चिकटणार नाही. मी पाठवलेला ब्रश लोखंडाचा आहे. त्याचे कण त्यात रुतले आणि आतून पोखरलं. न बघता, न विचारता मी तुम्हाला जोरानं घासायला सांगितलं, आणि तुम्ही माझं ऐकलंत. सगळी वर्षं माझं ऐकत नाही म्हणून मी तुमच्याशी भांडलो आणि ऐकलंत ते नेमकं हे. हे कळल्यावरही मी लगेच लिहिलं नाही. ताईलाही बोलू दिलं नाही. लाज वाटली. लाजेपायी दुकान गेलं. ताईवर रागावू नका, तिनं मला कळवलं हे बरंच केलं.

इथली रीत लिहितो. तुम्हाला शिकवत नाही, मी शिकलो तेवढं सांगतो. आधी सगळा रंग औषध लावून काढायचा. मग कोरा करकरीत पेपर घ्यायचा, लोखंडाला कधी न लागलेला, आणि जुने रुतलेले कण निघेपर्यंत हलक्या हातानं फिरवायचा. चकाकीच्या मागे लागायचं नाही. स्वच्छ धुऊन, वाळवून, थिनरच्या नव्या फडक्यानं पुसायचं. मग थांबायचं नाही, ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर साय धरते, म्हणून त्याच दिवशी ॲल्युमिनियमचा प्रायमर मारायचा. पुट्टी हवी तर त्यानंतर. आणि प्रायमर दिल्यावर शेवटचा रंग लांबवायचा नाही, प्रायमर उघडा राहिला की ओल पितो.

एक गोष्ट मात्र कुणालाच जमत नाही. बॉनेटची कड ताईच्या साडीच्या फॉलसारखी आत दुमडलेली असते. त्या दुमडीत पाणी मुरतं आणि आत गेलेली कीड बाहेरून निघत नाही. पाणी निघायची खालची भोकं मोकळी ठेवली तर ती कीड फक्त हळू होते.

गन तर तुमच्याकडे राहिली नाही. मी हे कशासाठी लिहितोय तेही मला कळत नाही. दुकान परत आणता येत नाही म्हणून निदान रीत तरी पाठवतो.

तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत येईपर्यंत दुरूनच पायांवर डोकं ठेवतो.

आपला,
भिंगरी

ता. २० डिसेंबर

चि. भिंगरीस,
आप्पाचे आशीर्वाद.

मी लिहितोय. ताईला बाहेर बसवलंय, ती मधे मधे शब्द सांगते.

पत्र मिळालं. लोहचुंबक लावलं, घसरलं. मला हसू आलं. इतकी वर्षं पत्रा वाजवून ओळखणारा मी, आणि वजनानं हलकं लागलं तेव्हा म्हणालो, हल्ली पत्रा पातळ येतो. चूक दोघांची आहे. तू न बघता सांगितलंस, मी बघून ओळखलं नाही. माझी मोठी.

दुकान तुझ्या ब्रशमुळे सोडलं नाही. हातावरचा भरवसा गेला म्हणून सोडलं. तुझं पत्र वाचल्यावर भरवसा आला. पण तोवर तिथे छतापर्यंत टायर लागलेत. परवा समोरून गेलो. टायरवाल्यानं आत बोलावलं, स्टूल दिलं. मी बसलो थोडा वेळ. तुझ्या ब्रशाचा खिळा अजून भिंतीवर आहे. त्याला विचारलं काढून नेऊ का, तो म्हणाला राहू दे, मी टोपी अडकवतो.

एक महिना आधी कळलं असतं तर, असं रोज सकाळी वाटतं. वाटतं ते लिहिलं, तुला टोचायला नाही. तू खरं लिहिलंस म्हणून मीही खरं लिहितो.

आता कामाचं. बॉनेट अंगणात घेतलं. तू लिहिलंस तसं केलं. रंग काढला. पेपर कोरे आणले, लोखंडाची हत्यारं घरात ठेवून दार लावलं. ताई म्हणाली, सोवळं पाळताय की काय. हलक्या हातानं केलं. खांदा दुखला नाही. पुसून त्याच दिवशी प्रायमर दिला, गॅरेजवाल्याकडून माझीच गन एका दिवसासाठी मागून आणली. पंधरवडा झाला. मधे धुकंही पडून गेलं. एकही फोड नाही. दुमडीत मात्र एका कोपऱ्यात जरा उचलल्यासारखं दिसतं. तू म्हणालास तसंच. ते तसंच राहणार. डॉक्टर सकाळी फिरायला जाताना कुंपणावरून बघून गेले. चांगलं झालंय म्हणाले. त्यांच्या गाडीला नवं आहे, त्यामुळे हे आता कुणाच्याच कामाचं नाही. तरी मी केलं.

ब्रश चांगला आहे. आपलं पुढचं फाटक लोखंडाचं आहे, त्याला लावला. सगळा गंज निघाला. लोखंडाला तो उत्तम आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

बॉनेटला शेवटचा हात मी दिलेला नाही. तो तुझा ठेवलाय. रंग कुठला द्यायचा ते तू ठरव, मी बाजूला उभा राहीन, बोलणार नाही. ताई म्हणते, ते काही मला जमणार नाही. बघू.

घाई करत नाही. पण प्रायमर फार दिवस उघडा ठेवू नये, हे तूच लिहिलंयस.

तुझा,
आप्पा